शेडपर्यंतचे व्याही

व्याहीबुवा,

आज रविवार. सकाळी चहा झाला आणि सवयीने शेडची किल्ली हातात घेतली. मग ती परत खिळ्याला अडकवली आणि खाटेवर पडून राहिलो. ही म्हणाली, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, बरं आहे, नुसता कंटाळा आलाय. तुम्ही गेल्यापासून मला हा एकच आजार आहे. दहाव्याला, तेराव्याला माहीमला येऊन बसलो, लोकांशी बोललो, मांडव आवरायला हात लावला, तेव्हा काही वाटलं नाही. आता मात्र पायात चप्पल सरकवायचाही वीट येतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण कप खाली ठेवला की विचारतो, "मग आता गाडीचं काय?" जणू ती तुमची दुसरी मुलगी आणि तिचं लग्न व्हायचं राहिलंय. गाडी चालू करायची तर तुमची ती किक मारायची रीत लागते. आधी पाय ठेवून नुसतं दाबायचं, इंजिन अडलं की श्वास घ्यायचा आणि मग एकदम सगळं वजन टाकायचं. मला ती कधी जमली नाही. माझ्या पोटरीवर अजून तिच्या लाथेचा वण आहे. विकायची तर मनात येत नाही, ठेवायची तर तिच्याकडे बघवत नाही. म्हणून शेडलाच कुलूप.

आपली सुरुवात तशी काही बरी नव्हती. तुमची सुनीता आणि माझा दिलीप तारापूर एमआयडीसीत एकाच कंपनीत कामाला. तिथेच त्यांनी आपसात ठरवलं आणि आपल्याला नंतर सांगितलं. तुम्ही आमच्याच तालुक्यातल्या माहीमच्या बंदरावरचे, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे. आम्ही उमरोळीचे, थोडी शेती आणि कारखान्यात इलेक्ट्रिशियनची शिफ्ट सांभाळणारे. तुमच्याकडे नाकं मुरडली, आमच्याकडेही मुरडली. लग्नात आपण शेजारी शेजारी बसलो होतो, पण एसटी स्टँडवर दोन वेगळ्या गावांच्या गाडीची वाट बघणारी माणसं बसतात तसे. तुम्ही एकदाच बोललात. पंख्याचा आवाज येतोय, बेअरिंग गेलंय, एवढंच.

मग पहिल्या दिवाळीला तुम्ही मुलीला न्यायला आलात आणि दारातून आत येईनात. ही पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तुम्ही हात जोडलेत.

"पोरीच्या घरचा पानी आमी पीत नाय. नातवंड होऊ द्या, मंग हंडाभर पितो."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या आजोबांनीही ती पाळली होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. पण पुढे नोकऱ्या आल्या, माणसं लांब गेली, आणि ती कधी सुटली ते कोणाला कळलंही नाही. मी हसून म्हटलं, "अहो, आता कोण पाळतं हे?" तुम्ही म्हणालात, "आमी."

सुनीताचं आवरून होईपर्यंत तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालत होतात. तेव्हा तुम्हाला शेडमधली ती दिसली. माझ्या मामांची विलायती गाडी. पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची. लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेली, तीन हात फिरून मामांकडे आली, आणि मामा गेल्यावर माझ्याकडे. वर पोती, पोत्यांवर कोंबड्या. तुम्ही कोंबडी हाकललीत, पोतं ओढलंत, टाकीवर टिचकी मारून कान लावलात. मुलगी पिशवी घेऊन बाजूला येऊन उभी राहिली तरी तुमचं लक्ष नाही.

"जिती हाय," तुम्ही म्हणालात. "रविवारी येतो."

मी घाबरत विचारलं, शेड चालेल का? म्हणजे ती आमच्या घराचाच भाग की. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं मीच काही भलतं बोललो.

"शेडीत पोर कुटं नांदते? शेडीत कोंबड्या नांदतात."

झालं. तेव्हापासून तुम्ही आमचे शेडपर्यंतचे व्याही. पाणी तुमच्या बाटलीतलं, जेवण तुमच्या डब्यातलं, आणि तेही कुंपणाबाहेर करंजाखाली बसून. चहा नाक्यावरच्या टपरीवरून यायचा. पण टपरीवाल्याला दूध आमच्याच म्हशीचं जातं, हे एकदा दिलीप बोलून गेला. तुम्ही हातातला ग्लास अर्धा खाली ठेवलात. पुढचे कितीतरी रविवार कोरा चहा. मी वैतागून म्हटलं, साखर कुठली तेही विचारून या. तुम्ही खरंच उठून विचारून आलात.

मला गाडी होती तशी हवी होती. मामांच्या वेळचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो, मामांच्या वेळचा सहा व्होल्टचा दिवा, मागे शॉकअप नसलेली ती ताठ चेसी, सगळं तसंच. तुम्हाला त्यातलं काहीच नको. नव्या जपानी शंभर सीसीच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या आणि तुमचा जीव त्यांच्या पार्टमध्ये अडकला होता.

"सहा वोल्टचा दिवा म्हंजे समई. रस्ता बगायला खाली उतरायला लागंल," तुम्ही म्हणालात. "इंजन जुनाच ठेवू. तो राजा हाय. बाकी सगला नवा."

मी म्हणायचो, ही गाडी आहे की भेळ? तुम्ही म्हणायचात, भेल कोणाला आवडत नाय? आणि हा वाद हरत हरत मी बोईसरच्या भंगारवाल्यांकडे तुमच्यामागे फिरायचो. अपघातात मोडलेल्या नव्या गाड्यांचे शॉकअप, पुढचा ब्रेक, हॅलोजनचा दिवा. कारखान्यांच्या भंगारातून स्टेनलेसचा जाड पाइप निघाला, त्याचा सायलेन्सर. मागे तुम्हाला रुंद टायर हवं होतं. ते बसेना, तर तुम्ही चेसीचा मागचं चाक धरणारा चिमटाच रुंद करायचं ठरवलंत. चेसी कापायच्या दिवशी मी शेडमध्ये आलोच नाही. घरात रेडिओ मोठा लावून बसलो, तरी करवत ऐकू येत होती.

आर्गन वेल्डिंगसाठी आपण ती उघडी चेसी टेम्पोत टाकून एमआयडीसीत नेली. तिथला तो गोरखपूरचा वेल्डर चारी बाजूंनी फिरला, डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "चाचा, ये आधी मोटरसाइकल है, आधी नाव है." मग तो रुंद टायर त्याने दोन्ही हातांनी दाबून बघितला. "लेकिन है पहलवान." तेव्हापासून तिचं नाव पैलवान पडलं. परत येताना तुम्ही टेम्पोत मागे चेसीला धरून बसला होतात, पोर आजारी असल्यासारखे. नात्यात सगळं जुनं आणि गाडीत सगळं नवं, अशा माणसाशी वाद घालायचा तरी कुठून, हेच मला कळत नव्हतं.

त्या सीडीआयचं भांडण तर मिटलंच नाही. मॅग्नेटो काढून सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवायचं, ही तुमच्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट. त्याची ती छोटी डबी मिळवायला तुम्ही किती जणांच्या पाया पडला होतात. त्या दिवशी तुम्ही टाकीखाली डोकं घातलेलं, तोंडात दोन स्क्रू. मी बॅटरीपाशी. समोर पट्टीवर दोन वायरी, एक वर, एक खाली. वरची काळी. मी विचारलं, "बॅटरीला कुठली जोडू?" तुम्ही म्हणालात, "काली."

तुमच्याकडे ळ चा ल होतो, हे इतक्या रविवारांनी मला पाठ झालं होतं. मी काळी जोडली. किक मारली आणि डबीतून बारीक पांढरी रेघ वर आली. वास आला. तुम्ही डोकं बाहेर काढलंत, स्क्रू थुंकलेत.

"मी खाली म्हटला! खाली!"

"तुम्ही काळी म्हणालात."

"तोंडात स्क्रू असल्यावर ख कुटून आनू?"

सुनीता कपडे वाळत घालत होती, ती हसत हसत दोरीला धरून खालीच बसली. "बाबा, तुमी दोगं आधी एक भाषा ठरवा," ती म्हणाली. तुम्ही दोन रविवार आला नाहीत. तिसऱ्या रविवारी आलात तेव्हा हातात दुसरी डबी होती आणि येताच म्हणालात, "आजपासून वरची न् खालची नाय बोलायचा. वायरीला नाव ठेवायचा." मग आपण एका वायरीला गंगू म्हणायला लागलो आणि दुसरीला मंगू. गाडी चालू झाली ती गंगूला बॅटरी लावून. तरीही इस्पितळात मी एकदा म्हणालोच, तुम्ही काळी म्हणाला होतात. तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणालात, "खाली." आता हा खटला कोणापुढे न्यायचा?

पैलवान चालायला लागल्यावर मला भीती वाटली. गाडी झाली, आता हा माणूस कशाला येईल? व्याह्याच्या दारात दर रविवारी कोण येतं? तेवढ्यात तुम्ही म्हणालात, हँडल जरा उंच हाय. मी लगेच म्हणालो, हो, फारच उंच आहे. पुढच्या रविवारी आपण ते कापलं. मग मला सीट कडक वाटायला लागली. एकमेकांकडे न बघता आपण ही चोरी करत होतो. दिलीप विचारायचा, अजून काय राहिलंय? आपण दोघं एका सुरात म्हणायचो, बरंच.

एकदा तुम्ही मला मागे बसवून माहीमला नेलंत. दोन व्याही एका सीटवर, रस्त्याने लोक थांबून बघत होते. विहीणबाईंनी ताट वाढलं. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेले बोंबील. मी बोटं चाटून जेवलो आणि मग तिथेच अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांजवळ, तुम्हाला गाठलं.

"मी तुमच्याकडे जेवतो, तुम्ही माझ्याकडे जेवत नाही. हा कुठला न्याय?"

"तुमी पोराचे बापूस."

"एवढी गाडी बदललीत. हा एक नट तुमच्याच्याने सैल होत नाही?"

"तो नट नाय. ती चेसी हाय. ती काडली तर गाडीच राहत नाय."

"चेसीसुद्धा कापलीत की तुम्ही!"

तुम्ही काठीवरचा एक बोंबील सरळ केलात. मला वाटलं, जिंकलो. मग तुम्ही मान हलवत म्हणालात, "कापली. पन वेल्डिंग करून दिली ना." आणि हसलात. हसता हसता तुम्हाला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. तुमचा तो खोकला मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. डिझेलच्या धुरात सगळा जन्म गेला होता.

खोकला थांबल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता जे बोललात, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. "लगनाला किती वर्सं झाली, तुमी मोजता, मी पन मोजतो. डाक्टर झाले, देव झाले. आता मी तुमच्याकडं ताटावर बसलो तर पोर काय समजंल? बापानं आशा सोडली, असाच ना? ती सोडंल तवा सोडंल. मी पयला सोडनार नाय."

तोवर मी तुम्हाला हट्टी समजत होतो. मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या होत्या. त्या दिवशी परत येताना तुमच्या पाठीमागे बसून मला डोळे पुसावे लागले, आणि वाऱ्यामुळे पाणी येतंय अशी सोय होती म्हणून बरं.

पण व्याहीबुवा, दुसरी बाजूही माझ्याकडेच होती. एका रविवारी तुम्ही करंजाखाली डबा उघडून बसला होतात. सुनीता स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. आमची ही म्हणाली, "भाजी तरी नेऊन दे बाबांना." सुनीता म्हणाली, "नाही घेणार." मग माझ्याकडे वळली. "पप्पा, बाबा बाहेर बसून जेवतात ना, तेव्हा मला वाटतं की मी अजून या घरची झालेच नाही. सगळ्यांचं विचारून झालं, आता कोणी विचारतही नाही. फक्त बाबांचा डबा दर रविवारी विचारतो." आणि लगेच म्हणाली, "त्यांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

तुम्ही तिच्यासाठी उपाशी, आणि तुमच्या उपाशी राहण्याने ती रडवेली. मधे मी. दोघांनी माझ्याकडून गुपित ठेवून घेतलं आणि दोघंही निर्धास्त झालात. कारखान्यात दोन फेजच्या मधे हात गेला तर माणूस निदान झटका खाऊन बाजूला तरी फेकला जातो. मी तिथेच उभा होतो, पाना धरून, तुम्हाला बारा नंबर की चौदा नंबर विचारत. किती वेळा तोंडापर्यंत आलं. पण तुम्ही खाली वाकून एखादा नट आवळत असायचात, आणि एवढं सुखी दिसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. पण खरं सांगतो, रिटायर व्हायच्या वयात मला मित्र मिळाला तो तुमच्या रूपाने. मित्र म्हणायची सोय नव्हती, व्याही म्हणावं लागायचं, आणि व्याही म्हटलं की मानपान आले, अहोजाहो आलं. शेडमध्ये मात्र आपण दोघं ग्रीसने सारखेच काळे असायचो. तेवढ्यात माझं भागत होतं.

मग तुम्ही बोईसरच्या इस्पितळात गेलात. माहीमहून विहीणबाईंचा डबा यायचा. अगदी शेवटच्या आठवड्यात त्यांनाच ताप भरला आणि डबा आला नाही. सुनीताने मला काही न विचारता मऊ भात केला, बोय माशाचं पातळ कालवण केलं, डबा भरला आणि म्हणाली, "चला पप्पा." रिक्षात ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली. मी मात्र खोटं काय बोलायचं त्याची तयारी करत होतो.

तुम्ही उशीला टेकून बसला होतात. डबा उघडल्यावर वास सगळ्या वॉर्डात गेला.

"कुटून आला?"

"कॅन्टीनमधून," मी म्हणालो.

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बोयांचं कालवण! मलाच लाज वाटली. सुनीता मान खाली घालून भात कालवत होती. डब्याचं झाकण तुमच्या पांघरुणावर पडलं होतं, ते तुम्ही उचललंत. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर असतं तसं त्याच्यावरही नाव घातलेलं होतं, दुकानात ठिपक्या ठिपक्यांनी कोरून घेतलेलं, माझं, वडिलांच्या नावासकट. चष्मा नव्हता, म्हणून तुम्ही अंगठा फिरवत एकेक अक्षर लावलंत. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सुनीताचा हात थांबला.

"कॅन्टीनवाला," तुम्ही म्हणालात, आणि दम घ्यायला थांबलात, "तुमच्याच नावाचा हाय वाटतं."

"असेल," मी म्हणालो.

तुम्ही झाकण बाजूला ठेवलंत. मग पोरीकडे बघितलंत.

"वाड गो," तुम्ही म्हणालात. "अजून थोडा वाड."

तिने वाढलं. तुम्ही जेवलात. फार नाही, पण जेवलात, आणि वर तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायलात. मला विचारायचं होतं, आशा सोडलीत, की रीत सोडलीत, की नुसती भूक लागली होती? की मी न सांगताही तुम्हाला खिडकीतली ती पोर सगळी वर्षं दिसत होती? पण जेवून तुम्ही डोळे मिटलेत, आणि नंतर विचारण्यासारखी वेळ आली नाही.

आम्ही बाहेर आलो. सुनीता व्हरांड्यातल्या बाकावर बसली. रिकामा डबा ओढणीने पुसत राहिली, तो कोरडा झाला तरी पुसत राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "आज बाबा आपल्याकडे जेवले."

"हो," मी म्हणालो. "आपल्याकडेच."